उभे राहता न येणाऱ्यांची बाजू
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. त्या ५२ सेकंदांत मला आजवर एकदाही चक्कर आलेली नाही. चक्कर येते ती त्यानंतर. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख आणि मग प्रमुख पाहुण्यांचे 'दोनच शब्द'. स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी मैदानावर रांगेत उभे राहून ज्यांनी हे दोन शब्द पाऊण तास ऐकले आहेत, त्यांना रांगेतली एखादी मुलगी धाडकन खाली कोसळल्याचे नक्की आठवत असेल. दोन वेळा ती मुलगी मी होते.

वाचकहो, हसायला हरकत नाही. त्या वेळीही पुष्कळजण हसले होते. पण हसून झाल्यावर माझी बाजू ऐकून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : तरुण वयात उभे राहिल्यावर घेरी येणे हे नाटक नव्हे, नाजूकपणा नव्हे आणि दरवेळी 'रक्त कमी' असणेही नव्हे. पुष्कळदा ती रक्ताच्या वाटपातली चूक असते आणि ती चूक दहा मिनिटांत मोजता येते. जे मोजता येते त्याबद्दल न मोजताच निकाल देण्याची आपल्या शाळा-कॉलेजांतली रीत मोडली पाहिजे.

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे पीयूसी इंग्रजीतून. घरात मराठी आणि शेजारी कन्नड. पीयूसीच्या पहिल्या वर्षी पावसाळ्यात मला आठवडाभर ताप आला. ताप गेला, पण मी पूर्वीची राहिले नाही. सकाळी अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, हातपाय गार. गरम पाण्याने आंघोळ करताना मध्येच खाली बसावे लागे. आपण दिवसातला किती वेळ उभे असतो, हे मला त्या वर्षी कळले. बसची वाट बघताना उभे, बसमध्ये उभे, प्रार्थनेला उभे, फीच्या खिडकीपुढे उभे, आणि उत्तर आले नाही तर वर्गातही उभे.

दोन वर्षांत माझ्या दुखण्याची बरीच निदाने झाली. कोणी म्हणाले रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या घेतल्या. तपासले तर हिमोग्लोबिन १२.६ निघाले, म्हणजे ठीक. कोणी म्हणाले सकाळी खात नसेल; मी भाकरी खाऊन निघत होते. कोणी म्हणाले अभ्यासाचे टेन्शन, कोणी म्हणाले वयच असे असते. बी. पी. दरवेळी खुर्चीत बसवून तपासला आणि दरवेळी तो उत्तम निघाला. एका शिक्षकांनी भर वर्गात म्हटले, "हिला उभं करू नका रे, ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल." वर्ग खदखदून हसला. त्यानंतर मी प्रार्थना चुकवण्यासाठी मुद्दाम उशिरा येऊ लागले. उशिराची गैरहजेरी लागत गेली आणि वर्षाच्या शेवटी परीक्षेला बसता येते की नाही, अशी पाळी आली.

घरात चिंता निराळीच होती. आई म्हणाली, "बाहेर कुणाला सांगू नको. उद्या स्थळ बघायला निघालो आणि 'पोरीला फिट येते' असं पसरलं तर?" यात आईचा दोष नाही; तिला गाव ठाऊक आहे. पण लपवलेल्या दुखण्याला औषध कोण देणार? घरात अचूक उपाय तेवढा आज्जीने केला, तोही न शिकता. ती म्हणायची, "पड जरा, पाय वर कर," आणि मीठ घातलेली भाताची पेज वाटीभर आणून द्यायची.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला दहा मिनिटे आडवे पडायला सांगितले आणि नाडी मोजली. ती भरली मिनिटाला ७४. मग कशालाही न टेकता उभे राहायला सांगितले. दोन मिनिटांनी १०८, पाच मिनिटांनी ११६, दहा मिनिटांनी १२२. बी. पी. मात्र पडून असताना ११०/७० आणि उभी असताना १०८/७६, म्हणजे जवळजवळ तेवढाच. बाईंनी आकडे कागदावर लिहून आईपुढे धरले आणि म्हणाल्या, "हे पाहा, असं नाटक कुणालाही करता येत नाही." तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. आम्हा वाणिज्यवाल्यांना व्हाउचरची किंमत कळते. दोन वर्षांत जे कुणाला कळले नाही ते दहा मिनिटांत कळले, आणि त्यासाठी एक घड्याळ आणि बी. पी. तपासण्याचे साधे यंत्र एवढेच लागले.

आता यात होते काय, ते मला समजले तसे सांगते. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. आपण उभे राहिलो की त्यातले अर्धा ते पाऊण लिटर पोटाकडे, मांड्यांकडे आणि पायांकडे उतरते. खाली उतरणे हा पाण्याचा धर्म तसा रक्ताचाही. निरोगी शरीर याचा बंदोबस्त काही सेकंदांत करते. मानेतल्या धमन्यांत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणारे जणू पहारेकरी बसलेले असतात. ते मेंदूला वर्दी देतात, मेंदू मज्जातंतूंमार्फत खालच्या रक्तवाहिन्या आवळतो, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-वीसने वाढतात. चालू लागलो तर पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे रक्त वर ढकलतात. म्हणूनच चालण्यापेक्षा निश्चल उभे राहणे जास्त जड जाते. मैलभर चालणारी मुलगी रांगेत दहा मिनिटांत कोसळते, यात विसंगती काही नाही.

काहीजणांत हा बंदोबस्त अपुरा पडतो. कुणाच्या वाहिन्या पुरेशा आवळत नाहीत, कुणाच्या अंगात रक्ताचा द्रव भागच कमी असतो, कुणाचे मज्जातंतू वाजवीपेक्षा जास्त खळबळ करतात. मग हृदय बिचारे धावून धावून भरपाई करू पाहते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही त्याला हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के लागते. तो पुरवठा घटला की डोळ्यांपुढे अंधारी येते, कान बधिरतात, समोरचे वाक्य वाचूनही डोक्यात शिरत नाही.

आमच्या भाषेत सांगायचे तर समजा एखाद्या बँकेच्या सगळ्या शाखांतली रोकड मिळून भरपूर आहे, पण ती खालच्या शाखांत अडकून पडली आहे आणि मुख्य शाखेच्या खिडकीवर पैसे मागायला आलेला खातेदार हात हलवीत परत जातो आहे. रक्ततपासणी एकूण शिल्लक सांगते. रोकड कुठल्या शाखेत आहे ते सांगत नाही. आणि खुर्चीत बसवून घेतलेला बी. पी. म्हणजे ३१ मार्चचा ताळेबंद. त्या दिवशी सगळे चोख असते. १० एप्रिलला काय होते ते त्यात दिसत नाही.

हा अनुभव नवा नाही. मराठीत आपण 'डोळ्यांपुढे अंधारी आली' म्हणतो. माझी कन्नड मैत्रीण म्हणते, 'कण्णु कत्तले बंतु'. कण्णु म्हणजे डोळा आणि कत्तले म्हणजे अंधार. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट एकाच तऱ्हेने पाहिली आहे. शास्त्रालाही ती जुनीच. अमेरिकेतल्या यादवी युद्धातले (१८६१-६५) कितीतरी शिपाई धडधड, घेरी आणि थकवा यांनी हैराण झाले होते. जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी अशा सुमारे ३०० जणांचा अभ्यास १८७१ साली प्रसिद्ध केला आणि या दुखण्याला 'चिडखोर हृदय' अशा अर्थाचे नाव दिले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांतही तेच आढळले. त्याला 'शिपायाचे हृदय' म्हणू लागले. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी या दुखण्याच्या एका प्रकाराची नीट व्याख्या केली. त्याचे लांबलचक नाव 'पोश्चरल टॅकीकार्डिया सिंड्रोम', डॉक्टर लोकांत 'पॉट्स'. बी. पी. फारसा न उतरता, उभे राहिल्यापासून दहा मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढणे, १२ ते १९ वर्षांच्या मुलांत ४० किंवा जास्त, आणि हा त्रास निदान तीन महिने टिकणे, ही त्याची ओळख. माझी नाडी ४८ ने वाढली होती आणि वय तेव्हा अठरा होते. एखाद्या तापानंतर हे सुरू होणे ओळखीचे आहे. कोविडनंतर असे रुग्ण जगभर आढळले.

यातली एक गोष्ट मला बोचते. शिपायांना हा त्रास झाला तेव्हा त्याला हृदयाचे नाव मिळाले. पॉट्स हा पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पट जास्त आढळतो. पण मुलगी कोसळली की नाव मिळते 'नखरे'. लंडनच्या राजवाड्याचे पहारेकरी तर निवडून घेतलेले धट्टेकट्टे गडी. तेही जून २०२३ मध्ये संचलनाच्या सरावात, लोकरी डगले आणि अस्वलाच्या कातड्याच्या टोप्या घालून ३० अंश उन्हात उभे असताना कोसळले होते. त्यांना कुणी 'सकाळी जेवला नव्हता काय?' असे विचारल्याचे ऐकिवात नाही.

नाडी आणि बी. पी. दोन्ही ठीक निघाले तरी माणूस खोटे बोलतो असे होत नाही. नेदरलँड्समधल्या व्हॅन कॅम्पेन आणि व्हिसर या डॉक्टरांनी, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पीटर रो यांच्यासह, २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घकाळ थकव्याच्या आजाराने त्रासलेल्या ४२९ रुग्णांना फळीवर निजवून ती फळी उभी केली आणि मानेतून मेंदूकडे जाणारे रक्त ध्वनिलहरींनी मोजले. निरोगी माणसांत ते सरासरी ७ टक्के घटले. रुग्णांत २६ टक्के. यातल्या पुष्कळांची नाडी आणि बी. पी. नेहमीसारखेच होते. म्हणजे वहीत खाडाखोड नसतानाही तिजोरीत तूट असू शकते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मीही न मोजता निकाल दिल्यासारखे होईल. प्रत्येक चक्कर ही पॉट्स नव्हे. रक्त पाहून, इंजेक्शनच्या भीतीने किंवा कोंदट गर्दीत एखाद्या वेळी नाडी एकदम मंदावते, वाहिन्या सैल पडतात आणि माणूस कोसळतो. ही साधी मूर्च्छा, ती पुष्कळांना आयुष्यात एकदा तरी येते. काहीजणांचा बी. पी. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत २० अंकांनी किंवा जास्त उतरतो. पाणी कमी पिणे, उपवास, जुलाब, काही औषधे ही कारणेही असतात. रक्तक्षयही खोटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत तो आढळला. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासणे बरोबरच आहे. पण हिमोग्लोबिन ठीक निघाल्यावर तपास तिथेच थांबवणे बरोबर नाही. आणि धावताना, खेळताना किंवा पडून असताना शुद्ध गेली, छातीत दुखले, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर वाट न पाहता हृदयाचा आलेख काढून घ्यावा. ते दुखणे वेगळे, आणि जिवावर बेतणारे असू शकते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : "एकाला बसू दिलं तर उद्या सगळेच बसतील." गुरुजनांची ही भीती मी समजू शकते, आम्ही विद्यार्थी काही संत नाही. पण हिशेब मांडून पाहू. सवलतीचा गैरफायदा घेऊन दहा मुले प्रार्थनेला बसली, तर कॉलेजचे नुकसान किती? दहा मुले बसली, एवढेच. उलट खरी गरज असलेल्या एकाच मुलीला उभे ठेवले आणि ती फरशीवर डोके आपटून पडली, तर नुकसान किती? ज्याला धंद्यातली जोखीम कळते त्याने उत्तर द्यावे. शिवाय लबाडी ओळखायची असेल तर नाडी आहेच. ती कुणाच्या भिडेला बळी पडत नाही आणि कुणाची खोटी साक्षही देत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, प्रार्थना, समारंभ, तोंडी परीक्षा आणि फीची खिडकी या चार ठिकाणी ज्याला बसावेसे वाटेल त्याला कारण न विचारता बसू द्यावे. फीच्या खिडकीपाशी एक बाक आणि टोकन, एवढ्यात काम भागते. दुसरी, वर्षातून एकदा कॉलेजात जी आरोग्य तपासणी होते, ज्यात आपली उंची, वजन आणि दात मोजले जातात, तीत ज्यांना वारंवार चक्कर येते त्यांची नाडी आणि बी. पी. पडून आणि उभे राहून, अशी दोन्ही मोजावी. तिसरी, पडलेल्याला काय करावे ते प्राध्यापकांना आणि एन. एस. एस.च्या मुलामुलींना शिकवावे.

ही तिसरी मागणी सर्वांत निकडीची आहे. आज कुणी पडले की काय होते? दहाजण घोळका करतात, दोघे बखोटीला धरून उभे करतात किंवा खुर्चीत बसवतात, एकजण कांदा फोडून नाकाला लावतो, आणि अलीकडे एकजण मोबाइलवर चित्रण करतो. ज्या मेंदूला रक्त मिळत नाही म्हणून माणूस पडला, त्यालाच आपण पुन्हा उंचावर नेऊन ठेवतो! पडणे हाच खरे तर निसर्गाचा उपाय आहे. त्याला आडवेच राहू द्यावे, पाय फूटभर वर धरावे, गर्दी हटवावी, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. बहुधा मिनिटाच्या आत डोळे उघडतात. उघडले नाहीत तर १०८ ला फोन करावा.

ज्यांना माझ्यासारखा त्रास आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. उठताना आधी काठावर बसावे, मग उभे राहावे. उभे राहावेच लागले तर पायांची अढी घालून मांड्या घट्ट आवळाव्या, मुठी दाबाव्या, टाचा उचलाव्या. त्याने रक्त वर चढते. पाणी भरपूर प्यावे. मिठाचे प्रमाण वाढवण्याचा सल्ला यात बहुधा मिळतो, पण तो डॉक्टरांनी तपासून दिलेला असावा, ज्यांचा बी. पी. जास्त आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांना तो घातक ठरेल. पायांना घट्ट मोजे आणि पडून किंवा बसून करायचा व्यायाम यांचाही उपयोग होतो. पाठीवर पडून हवेत सायकल चालवण्यापासून मी सुरुवात केली. तेव्हा दोन मिनिटांत धाप लागायची, आता वीस मिनिटे जमते.

मी पूर्ण बरी झालेले नाही. पंधरा मिनिटांपलीकडे निश्चल उभे राहणे मला अजून साधत नाही, आणि दप्तरात लिंबू-मिठाच्या पाण्याची बाटली असतेच. पण या वर्षी एक गोष्ट घडली. तोंडी परीक्षेला मी आत गेले तेव्हा परीक्षक प्राध्यापकांनी काही न विचारता समोरची खुर्ची पुढे सरकवली. मी बसले, प्रश्न ऐकले, उत्तरे दिली. घसाऱ्याच्या दोन पद्धतींतला फरक सांगताना मला प्रथमच समोरच्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसत होता. आजवरच्या तोंडी परीक्षांत माझे पाय नापास व्हायचे आणि गुण माझे जायचे.

हाच मजकूर आमच्या अंकाच्या कन्नड विभागासाठीही लिहून देणार आहे, कारण कत्तले तिकडेही येतेच. आईला मात्र हा लेख छापून आल्यावरच दाखवीन. गावाला कळायचे ते कळू दे. फिट नव्हे, हे तरी कळेल.

पुढच्या पंधरा ऑगस्टला ध्वजाला वंदन करून राष्ट्रगीत संपेपर्यंत मी ताठ उभी असेन. त्यानंतर मी खाली बसणार आहे. आणखी कुणाला बसावेसे वाटले तर माझ्या शेजारी जागा आहे.